मांजर हाकेला का येत नाही?

दिवाळीनंतरच्या दिवसांत यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात गेलात तर एक देखावा तुम्हांला हमखास दिसेल. वेचून आणलेला कापूस चांगल्या भावाची वाट पाहत घरातच रचून ठेवलेला असतो आणि त्या पांढऱ्या ढिगावर घरचे मांजर अंगाचे मुटकुळे करून झोपलेले असते. त्याला हाक मारून पाहा. ते एक कान तुमच्याकडे वळवील, फार तर शेपटीचे टोक हलवील आणि पुन्हा झोपी जाईल. अंगणातल्या कुत्र्याला मात्र नुसते ‘यू, यू’ म्हणायचा अवकाश, ते शेपूट हलवीत धावत येते.

मग आपण निकाल देऊन टाकतो : कुत्रा इमानी आणि मांजर मतलबी. शिवाय ते आडवे गेले तर अपशकुनी! पण हा निकाल देण्यापूर्वी आपण चौकशी केली का? मांजराला हाक ऐकू आली नाही, की ऐकूनही ते आले नाही? आणि आले नाही तर का? प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी हे प्रश्न विचारले आहेत. त्यांची उत्तरे पाहू लागलो की मांजर तर कळतेच, पण माणसामाणसांतील नात्यांविषयीही विचार करण्याजोगे पुष्कळ काही हाती लागते.

हाक ऐकू तर येते

माणसाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपने होणाऱ्या आवाजापर्यंतच ऐकू येते. मांजराची मर्यादा ६०,००० कंपनांच्याही पुढे आहे. बिळातील उंदरांची जी बारीक चिरचिर आपल्या कानांना कळतही नाही, ती त्याला ऐकू येते. तेव्हा ऐकू येत नाही हे कारण बाद झाले.

मग ती हाक आपल्यासाठी आहे हे त्याला कळते का? जपानमधील संशोधिका अत्सुको साइतो व त्यांचे सहकारी यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहा. त्यांनी मांजराला एकामागून एक चार शब्द ऐकवले. ते शब्द त्याच्या नावाएवढ्याच लांबीचे होते व एकाच सुरात उच्चारलेले होते. पहिल्या शब्दाला मांजर कान टवकारी, पुढच्या शब्दांना त्याचे लक्ष कमी कमी होत जाई. पाचव्या वेळी त्याचे स्वतःचे नाव उच्चारले, की अनेक मांजरांचे कान आणि डोके पुन्हा हलत. याचा अर्थ, नाव त्यांना इतर शब्दांपेक्षा वेगळे कळत होते. त्याआधी २०१३ साली साइतो यांनी असेही दाखवले होते की मांजरे मालकाचा आवाज परक्या माणसाच्या आवाजातून वेगळा ओळखतात. मात्र ही ओळख ती कान आणि डोके हलवून दाखवतात. उठून येणे क्वचितच.

म्हणजे आपण ज्याला ‘दुर्लक्ष’ म्हणत होतो, ते खरे म्हणजे उत्तर होते. ते फार लहान होते, एवढेच.

एकट्याने शिकार करणाऱ्यांचे कुळ

कुत्रा धावत येतो आणि मांजर येत नाही, याचे मूळ त्यांच्या पूर्वजांत आहे. कुत्र्याचा पूर्वज लांडगा. लांडगे टोळीने राहतात, टोळीने शिकार करतात. टोळीत राहायचे तर दुसऱ्याच्या इशाऱ्याकडे सतत लक्ष हवे. मार्जारकुलातील बहुतेक प्राणी मात्र एकटे राहतात आणि एकट्यानेच शिकार करतात. सिंह हा त्यातला प्रसिद्ध अपवाद.

हा एकटेपणा केवढा असू शकतो याचे एक उदाहरण यवतमाळ जिल्ह्यातीलच आहे. पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्यातील एका तरुण नर वाघाच्या गळ्यात २०१९ साली शास्त्रज्ञांनी रेडिओ कॉलर बसवली होती. वयात आलेला तो वाघ त्याच वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर टिपेश्वर सोडून निघाला. शेते, नाले, रस्ते ओलांडत, महाराष्ट्र व तेलंगण या दोन राज्यांतून हिंडत तो पाच महिन्यांत सुमारे १,३०० किलोमीटर चालला आणि बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. ही सगळी वाटचाल एकट्याची!

आपले घरगुती मांजर या वाघाच्याच कुळातले, पण त्याचा जवळचा पूर्वज पश्चिम आशियातील एक लहानसे रानमांजर होय. जगभरातील मांजरांची आनुवंशिक तपासणी करून २००७ साली शास्त्रज्ञांनी हे दाखवून दिले. माणूस शेती करू लागला, धान्य साठवू लागला; धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे रानमांजरे आली. कोणी त्यांना दावे बांधून आणले नाही. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या दफनाशेजारीच एक मांजर पुरलेले सापडले आहे. त्या बेटावर मुळात मांजरे नव्हती. तेव्हा कोणीतरी ती होडीतून नेली असणार, हे उघड आहे. इतक्या जुन्या काळी ही सोबत जमली होती.

आजही ज्वारीची ढोली किंवा सरकीची पोती ज्या घरात आहेत, तेथे हाच जुना व्यवहार चालू असतो. गाय दाव्याला असते, बैल जुवाला असतो. मांजर मात्र रात्री हवे तेव्हा कौलांवरून निघून जाते आणि पहाटे परत येते. त्याला कोणी अडवून ठेवलेले नसते. ज्याला निघून जाता येते असा हा सोबती रोज परत येतो, तो कशामुळे? मांजरापासून शिकण्याजोगा खरा धडा या प्रश्नात आहे.

विश्वासाचे वय

मांजराचे पिल्लू जन्मते तेव्हा त्याचे डोळे मिटलेले असतात. ते साधारण सात ते दहा दिवसांनी उघडतात. आई त्याला मानेच्या सैल कातडीला धरून एका जागेवरून दुसऱ्या जागी नेते, तेव्हा ते अंग ढिले सोडून स्वस्थ लोंबकळते. आपल्याकडील तत्त्वज्ञांनी यावरूनच ‘मार्जारकिशोर न्याय’ हा दृष्टान्त काढला : माकडाचे पिल्लू स्वतः आईला घट्ट धरते, मांजराचे पिल्लू सगळा भार आईवर सोपवते.

पण हा विश्वास माणसावर आपोआप बसत नाही. अमेरिकेतील संशोधिका आयलीन कार्श यांनी १९८० च्या दशकात पिल्लांवर प्रयोग केले. काही पिल्लांना लहान वयापासून रोज थोडा वेळ हातांत घेतले जाई, काहींना उशिरा, तर काहींना मुळीच नाही. त्यांतून असे दिसले की पिल्लू साधारण दोन ते सात आठवड्यांचे असताना माणसाने त्याला हळुवार हाताळले, तर ते पुढे माणसांत निर्धास्त राहते. हा काळ निसटला तर तेच पिल्लू पुढे माणूस दिसताच लपून बसते. नंतर त्याची भीती घालवता येते, पण त्याला पुष्कळ वेळ आणि धीर लागतो.

आता ओळखीचे एखादे बुजरे मांजर डोळ्यांपुढे आणा. आपण त्याला ‘तुसडे’ म्हणतो. पण त्याच्या त्या पाच आठवड्यांत काय घडले हे आपल्याला माहीत नसते. वर्गात कोणाशी न बोलणाऱ्या, पाठीवर हात ठेवला तरी दचकणाऱ्या मुलाबद्दलही हेच नाही का? माणसाचे बालपण मांजराच्या बालपणापेक्षा फार लांब असते, आणि माणूस मोठेपणीही बदलतो. तरीही एखाद्याच्या स्वभावाला नाव ठेवण्यापूर्वी त्याच्यामागे काय इतिहास असेल, असा प्रश्न मनात यायला हरकत नाही.

पेटीतले मांजर

मांजराने दुधाच्या पातेल्यात तोंड घातले की बहुतेक घरांत काठी उगारली जाते. याने मांजर काय शिकते? या प्रश्नाकडे वळण्यासाठी सव्वाशे वर्षे मागे जावे लागेल.

एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९८ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. तो भुकेल्या मांजराला फळकुटांच्या पेटीत ठेवी व बाहेर खाणे ठेवी. आतली दोरी ओढली किंवा खटका दाबला की दार उघडे. मांजर आधी ओरबाडे, चावे, धडपडे. या धडपडीत कधीतरी चुकून खटका दाबला जाई. पुन्हा पुन्हा पेटीत ठेवल्यावर बाहेर पडायला लागणारा वेळ हळूहळू कमी होत गेला. ज्या कृतीचा परिणाम सुखाचा झाला ती कृती पक्की होते, असा नियम थॉर्नडाइकने मांडला. त्रासाचा परिणाम झाला की ती कृती तितकीच पुसली जाते, असेही त्याला तेव्हा वाटत होते. पण १९३० च्या सुमारास, पुढील प्रयोगांनंतर त्याने स्वतःच हे मत बदलले. बक्षिसाने कृती जशी पक्की होते, तशी शिक्षेने ती पुसली जात नाही, असे त्याला आढळले.

एक मोठा शास्त्रज्ञ तीस वर्षांनी आपलाच नियम दुरुस्त करतो, ही गोष्ट तर लक्षात ठेवण्यासारखी आहेच. पण काठीचेही पाहा. दूध पिऊन झाल्यावर मार बसला तर मांजराच्या डोक्यात त्या माराची सांगड दुधाशी बसत नाही. ती बसते मारणाऱ्या माणसाशी. ते दूध चोरणे सोडत नाही, फक्त तुम्ही समोर असताना चोरत नाही आणि तुम्ही दिसलात की पळते. पातेल्यावर झाकण ठेवणे हा त्याहून सोपा उपाय आहे. घरी आणि शाळेतही मारामुळे चूक सुटते की चूक लपवण्याची सवय लागते, याचा विचार तुम्ही करा. शिक्षकांनीही वर्गात यावर चर्चा घडवून आणावी.

पुढाकार कोणाचा?

स्वित्झर्लंडमधील झ्युरिक येथे डेनिस टर्नर व त्यांचे सहकारी यांनी १९८० च्या दशकात घराघरांत जाऊन मांजर आणि माणूस एकमेकांशी कसे वागतात याच्या नोंदी घेतल्या. कोण कोणाजवळ आधी गेले, किती वेळ दोघे एकत्र राहिले, कोण आधी उठले, असे सगळे त्यांनी टिपले. त्यांतून एक मजेदार गोष्ट पुढे आली. जेथे जवळ येण्याचा पुढाकार जास्त करून मांजराकडे असे, तेथे दोघांचा सहवास अधिक वेळ टिके. माणूसच सारखा जाऊन मांजराला उचलू लागला, तर भेटी पुष्कळ होत पण लवकर संपत. आणि माणूस मांजराच्या इच्छेला जितका मान देई, तितके मांजरही माणसाच्या इच्छेला मान देई.

‘मांजर डोळे मिटून दूध पिते’ ही म्हण तुम्हांला ठाऊक आहे. पण मांजर आणखी एका वेळी डोळे मिटते. ते निवांत असले आणि ओळखीचे माणूस समोर असले, की डोळे अर्धवट बारीक करून सावकाश मिटते व उघडते. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठातील संशोधकांनी २०२० साली दाखवून दिले की मालकाने मांजराकडे पाहून असेच सावकाश डोळे मिचकावले, तर मांजरही अधिक वेळा आपले डोळे बारीक करते. इतकेच नव्हे, तर परक्या माणसाने असे करून हात पुढे केला तर मांजर त्याच्याजवळ जाण्याचा संभव वाढतो. मार्जारकुलात टक लावून पाहणे ही धमकी असते. डोळे मिटणे म्हणजे ‘तुझ्यापासून मला भय नाही’ असे सांगणे असावे, असा तर्क आहे.

पाहुणे आले की ते लहान बाळाचा गाल ओढतात, बाळ मान फिरवते, तरी ते पुन्हा ओढतात. मैत्रीण रुसलेली असते, आणि आपण ‘बोल ना, बोल ना’ म्हणत तिच्या मागे लागतो. अशा वेळी मांजराची आठवण ठेवा. जवळ बसावे, पण येण्याची मुभा तिच्याकडे ठेवावी. ‘नको’ म्हटल्यावर थांबणारा माणूस सुरक्षित वाटतो, आणि सुरक्षित वाटणाऱ्या माणसाकडे पुन्हा यावेसे वाटते.

प्रेम मोजायचे कसे?

मांजराचा आपल्यावर खरोखर जीव असतो का? हे मोजण्यासाठी शास्त्रज्ञांनी माणसाच्या बाळांसाठी तयार झालेली एक चाचणी घेतली. मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ संशोधिकेने ती प्रथम वापरली. बाळ आईबरोबर अनोळखी खोलीत येते, आई थोडा वेळ बाहेर जाते, परत येते. ती परत आल्यावर बाळ कसे वागते हे पाहायचे.

अमेरिकेतील क्रिस्टिन विटाली व सहकारी यांनी ही चाचणी मांजराच्या पिल्लांवर केली : दोन मिनिटे माणसाबरोबर, दोन मिनिटे एकटे, दोन मिनिटे पुन्हा माणसाबरोबर. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ज्या ७० पिल्लांचे वर्गीकरण करता आले, त्यांपैकी सुमारे ६४ टक्के पिल्ले माणूस परत येताच शांत झाली, त्याला भेटली आणि पुन्हा खोली धुंडाळू लागली. माणसाच्या बाळांतही हे प्रमाण साधारण असेच आढळते.

पण थांबा! इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठातील अॅलिस पॉटर व डॅनियल मिल्स यांनी २०१५ साली २० मोठ्या मांजरांवर अशाच धर्तीचा प्रयोग केला होता. त्यांचा निष्कर्ष उलटा होता : मांजरे सुरक्षिततेसाठी मालकावर अवलंबून असल्याची लक्षणे दिसत नाहीत. जी मांजरे मालक गेल्यावर ओरडली, ती कदाचित केवळ वैतागली असतील. कुत्र्याला किंवा बाळाला लावायची मोजपट्टी मांजराला जशीच्या तशी लागू पडेलच असे नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

मग कोणाचे खरे? हा वाद अजून पूर्ण मिटलेला नाही, आणि विज्ञानात असे होतच असते. पण मोजपट्टीचा मुद्दा मोलाचा आहे. कुत्र्याच्या मापाने मोजले म्हणून तर मांजर मतलबी ठरले होते! आपल्या घरातही असेच असते. आजी जवळ घेऊन पापा घेते. वडील तोंडाने काही बोलत नाहीत, पण परीक्षेच्या दिवशी सायकलची हवा न सांगता भरून ठेवतात. दोघांना एकच मोजपट्टी लावली तर वडिलांचे माप चुकेल.

नेहमीपेक्षा वेगळे काय?

मांजराची आणखी एक सवय आहे, ती म्हणजे दुखणे लपवण्याची. लहान शिकारी प्राणी स्वतःही दुसऱ्याची शिकार होऊ शकतो. अशक्त दिसणे त्याला परवडत नाही. आजारी मांजर बहुधा ओरडत नाही. ते माळ्यावर किंवा पोत्यांमागे जाऊन बसते, अंग चाटणे सोडते, दुधाकडे पाहत नाही. २०१९ साली कॅनडातील मॉन्ट्रियल विद्यापीठाच्या संशोधकांनी मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची एक पद्धत तयार केली. तीत पाच गोष्टी पाहतात : कानांची ठेवण, डोळ्यांचे आवळणे, तोंडाचा ताण, मिशांची दिशा आणि डोके किती खाली झुकले आहे ते. पण घरातल्या माणसाला याहूनही आधी कळू शकते, कारण त्या मांजराचा रोजचा क्रम त्याला ठाऊक असतो. ‘नेहमीपेक्षा वेगळे काय?’ हा प्रश्न त्यालाच विचारता येतो.

माणसेही दुखणे लपवतात. यवतमाळ जिल्ह्याचे नाव गेल्या काही दशकांत शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर झाले. नापिकी, कर्ज, कापसाचा पडलेला भाव ही त्यामागची ओझी मोठी आहेत. ती दूर करण्याचे काम समाजाचे आणि शासनाचे आहे. कोणत्याही मुलाचे नव्हे, आणि असे काही घडले तर त्यात मुलाचा दोष कधीच नसतो. पण घरातले किंवा शेजारचे कोणी नेहमीसारखे जेवत नसेल, रात्र रात्र जागत असेल, माणसांत बसणे टाळत असेल, निरोपासारखे बोलत असेल, तर ते लक्षात येण्याइतके जवळ तुम्ही असता. अशा वेळी त्यांच्याजवळ बसा. ‘काय झाले?’ असे सरळ विचारा आणि उत्तर ऐकून घ्या. मग ही गोष्ट स्वतःपाशी न ठेवता विश्वासातल्या मोठ्या माणसाला, शिक्षकांना, गावातल्या आशाताईंना सांगा. केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेचा क्रमांक १४४१६ असा आहे. त्यावर रात्रंदिवस, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. तुमच्या स्वतःच्या मनावर भार असला तरी हाच क्रमांक उपयोगी पडेल.

करून पाहा

एक वही घ्या आणि घरच्या किंवा शेजारच्या मांजराच्या सात दिवस नोंदी ठेवा. दर वेळी तीनच गोष्टी लिहा : जवळ आधी कोण गेले, मांजर किंवा तुम्ही? किती मिनिटे एकत्र राहिलात? आधी कोण उठले? पहिले तीन दिवस नेहमीसारखे वागा. पुढचे चार दिवस मांजराला उचलू नका. जवळ बसा, सावकाश डोळे मिटा व वाट पाहा. शेवटी दोन्ही काळांतली सरासरी मिनिटे काढा. वर्गातील दहा जणांच्या वह्या एकत्र केल्या तर टर्नर यांच्या निष्कर्षाशी आपला आकडा जुळतो का, हे पाहता येईल. जुळला नाही तर का, यावरही बोला. नावाचा प्रयोगही असाच करता येईल; मात्र चारही शब्द त्याच सुरात म्हणायला विसरू नका.

एक खबरदारी घ्यायलाच हवी. अनोळखी मांजराला हात लावू नका, पिल्ले असलेल्या भाटीच्या जवळ जाऊ नका. मांजर चावले किंवा त्याने ओरखडले तर जखम लगेच साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा. मांजरापासूनही रेबीज होऊ शकतो. मार बसेल या भीतीने चावल्याची गोष्ट घरी लपवू नका.

मांजर माणूस नव्हे, हेही विसरता कामा नये. ते आपल्याला काही शिकवावे म्हणून वागत नाही. ते त्याच्या स्वभावधर्माने वागते. शिकतो आपण, कारण त्याच्याशी जमवून घ्यायचे तर जबरदस्ती चालत नाही आणि शब्दही चालत नाहीत. केवळ पाहावे लागते, थांबावे लागते आणि रोज सारखे वागावे लागते. तेव्हा आज संध्याकाळी त्या कापसाच्या ढिगावरच्या स्वारीला हाक मारा, पण या वेळी त्याच्या पायांकडे पाहू नका. कानाकडे पाहा.